चार कुशी

"डावी कूस," सेल्मा म्हणाली, आणि थोड्या वेळापूर्वी ज्याने तिच्या तोंडावर सुपाचं ताट भिरकावलं होतं तो माणूस मुकाट्याने डाव्या कुशीवर वळला.

बाक करकरला. आर्नोने गुडघे पोटाशी ओढले, तळहात गालाखाली घेतला आणि डोळे मिटले. उभा असला की दाराची चौकट भरून टाकणारा हा खाटीक, बाकावर आडवा झाला की शाळेतून ताप घेऊन घरी आलेल्या मुलासारखा दिसे. त्याच्या उशाशी खुर्ची ओढून सेल्मा मोजा विणत बसली होती. तिची भुवई फुटली होती. कॅमोमाइलच्या चहाची गाळलेली फुलं तिने फडक्यात गुंडाळून जखमेवर ठेवली होती आणि फडकं डोक्याला करकचून बांधलं होतं, म्हणजे दोन्ही हात सुयांना मोकळे. रक्त आणि कॅमोमाइलचं पिवळं पाणी मिसळून गालावरून ओघळत होतं. ते हनुवटीपर्यंत आलं की ती खांद्याने पुसायची आणि टाका पुढे न्यायची.

त्यांची सून गेर्लिंड जमिनीवरचे ताटाचे तुकडे वेचत होती. चार वर्षांच्या आंकाला तिने टेबलावर पाय वर घेऊन बसवलं होतं. तुकडे वेचतानाही तिची नजर आधी बाकाकडे, मग आंकाकडे, मग दाराकडे फिरत होती. या घरात आल्यापासून तिला ही सवयच लागली होती. म्हातारा कुठे, मूल कुठे, दार कुठे.

घरात या उपचाराला लोळण म्हणत. रिकाम्या पोटी कपभर कॅमोमाइलचा कडक चहा प्यायचा आणि आधी पाठीवर, मग डाव्या कुशीवर, मग पालथं, शेवटी भिंतीकडे तोंड करून उजव्या कुशीवर पडायचं. म्हणजे चहा पोटाला आतून चारही बाजूंनी लागतो. श्वार्झा नदीच्या त्या खोऱ्यात लोळण ठाऊक नाही असं घर नव्हतं. सेल्माच्या माहेरची माणसं तर पिढ्यान्‌पिढ्या अर्कांच्या आणि तेलांच्या बाटल्या पाठीवर लादून गावोगाव हिंडलेली. कोणतं पान कशावर, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. एकेक कूस किती वेळ, हे ती घड्याळावर नाही तर मोज्याच्या फेऱ्यांवर मोजायची. घरातल्या प्रत्येकाच्या पायातले मोजे असे आर्नोच्या उशाशी बसून विणलेले होते.

आणि आर्नो ऐकायचा. कुणाच्या बापाला न जुमानणारा माणूस त्या खुर्चीतून येणाऱ्या आवाजापुढे मान तुकवायचा, कारण छातीतली आग ही एकच गोष्ट अशी होती जिला त्याला ठोसा मारता येत नव्हता.

"आता पालथा हो, आर्नो."

तो पालथा झाला.

गावात सगळे म्हणत, त्याचं पोट आहे ते. दुकानातली बाई पाव देता देता सेल्माला विचारायची, आज पोट कसं काय, आणि सेल्माचा ओठ सुजलेला असला की उत्तराची वाट बघायची नाही. पाद्रीबुवा सांगत की दुखणाईत माणसाला सांभाळून घ्यावं. गेर्लिंडचा नवरा फोल्कमार, त्याच्या कानामागे बोटभर लांब व्रण होता. लग्नाआधी तिने त्यावरून बोट फिरवून विचारलं होतं, तेव्हा तो अगदी समजूतदारपणे म्हणाला होता, "बाबांचं पोट तेव्हा फार बिघडलं होतं. मी पाचेक वर्षांचा असेन."

ते 'पाचेक वर्षांचा' गेर्लिंडच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं. येत्या वसंतात आंकाला पाचवं संपणार होतं. शहरात सरकारी घर मिळायला अजून किती वर्षं लागतील ते सरकारलाच ठाऊक. फोल्कमार आठवडाभर लांब कुठेतरी बांधकामावर असायचा आणि शनिवार-रविवारी येऊन झोपायचा. गेर्लिंड लायप्झिगला औषधशास्त्र शिकलेली होती, खालच्या गावातल्या औषधाच्या दुकानात काम करायची, आणि दिवसभर लोकांना खोकल्याच्या बाटल्या देताना तिचा एक कान वर डोंगरातल्या त्या स्वयंपाकघरात असायचा, जिथे आंका बालवाडीतून परतायची.

त्या संध्याकाळी आर्नो वर झोपायला गेल्यावर तिने सेल्माजवळ विषय काढला. आई, रागावू नका, पण आपण त्यांना सगळं उलटं देतोय. पोटात जखम असेल तर लोळण ठीक, पण छातीतल्या जळजळीत माणसाला सपाट झोपवलं की आम्ल आणखी वर चढतं. उजवी कूस तर सगळ्यात वाईट. त्यात रोज रात्री पुदिन्याचा काढा, त्याने जठराचं तोंड सैल पडतं. चरबीचं जेवण, वर दारू, वर पट्टा आवळलेला. हे सगळं बदललं तर जळजळ राहणारच नाही, औषधसुद्धा लागणार नाही.

सेल्माची सुई थांबली. "असं?" एवढंच ती म्हणाली. भुवईवरचं फडकं सुकून कडक झालं होतं. "जळजळ थांबली तर तो थांबेल, असं वाटतं तुला?"

"पोट शांत झालं की माणूस शांत होतोच ना, आई."

सेल्मा उठली, फळीवरची पुदिन्याची बरणी काढली आणि गेर्लिंडच्या हातात दिली. देताना तिने ती क्षणभर सोडलीच नाही. मग सोडली.

गेर्लिंडने घर हातात घेतलं. आर्नोच्या पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली तिने विटा सरकवल्या. सकाळी उठल्यावर किसलेल्या कच्च्या बटाट्याचा पिळून काढलेला रस, दिवसभर भिजवलेल्या जवसाचं बुळबुळीत पाणी घोट घोट. कोबीत शहाजिरं भरपूर. संध्याकाळचं जेवण उजेडात आणि अर्ध्या पोटी, जेवल्यावर आडवं पडायचं नाही, पुलापर्यंत चालून यायचं. कमरेच्या पट्ट्याऐवजी खांद्यावरून गॅलिस. झोपायचं ते डाव्या कुशीवर. दारू बंद.

आर्नो हे सगळं करील असं तिला वाटलं नव्हतं. पण आगीला तो भ्यायलेला होता. दवाखान्यातला डॉक्टर त्याला बायकी वाटायचा, पण सुनेच्या हातचा बटाट्याचा रस तो नाक मुरडून का होईना घेऊ लागला. थोड्याच आठवड्यांत छाती जळेनाशी झाली. तो रात्रभर झोपू लागला. सकाळी उठून शीळ घालू लागला. गेर्लिंडला डॉक्टरीणबाई म्हणायला लागला. फोल्कमार एका रविवारी तिला जवळ घेऊन म्हणाला, मला हे घर असं कधी आठवतच नाही. आणि गेर्लिंडला त्या आठवड्यात दुकानात दोनदा असं झालं की ती आंकाचा विचार करायची विसरली.

मग संध्याकाळी मोठ्या होऊ लागल्या.

पूर्वी जेवण झालं की आर्नोची छाती पेटायची, आदळआपट व्हायची आणि मग तो बाकावर जायचा. त्यानंतर घर आपलं. आता तो बाकावर जात नव्हता. आता तो ताजातवाना घरभर फिरायचा. कपाटं उघडायचा. सेल्माच्या पेटीतली लोकर बाहेर ओढून विचारायचा, एवढी कशाला लागते. घरचा कुत्रा पुलापर्यंत त्याच्याबरोबर गेला तो तीन पायांवर लंगडत परत आला. एका शनिवारी फोल्कमारच्या ताटातलं मांस त्याने काट्याने उचलून पुन्हा भांड्यात टाकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला की आधी पुरुष हो, मग खा. फोल्कमार हसला.

सेल्माची करंगळी मोडली त्या दिवशी गेर्लिंड कामावरून आली तर सेल्मा बोटाला लाकडाची काडी बांधत होती. दार वाऱ्याने आपटलं म्हणाली. गेर्लिंडने काडी सरळ केली, पट्टी नीट बांधली आणि विचारलं, "आज बाबांनी काय खाल्लं होतं?"

सेल्माने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. रस्ता चुकलेल्या माणसाकडे बघतात तसं.

"जवसाचं पाणी," ती म्हणाली.

तरी गेर्लिंड रात्री जागी राहून ताटं मोजत राहिली. कांदा होता का, कॉफी कुणी दिली, मोहरी जास्त झाली का. काहीतरी सापडेल, तर ते काढून टाकता येईल.

कडाक्याची थंडी पडली आणि घरचं डुक्कर कापायचा दिवस आला. हिवाळाभर आर्नो दुसऱ्यांच्या अंगणांत कापायचा, आपलं मात्र रविवारी, फोल्कमार घरी असताना. सकाळपासून मोठ्या कढईत पाणी उकळत होतं. गेर्लिंडने आंकाला वरच्या खोलीत बाहुल्यांपाशी बसवलं होतं आणि बजावलं होतं की हाक मारेपर्यंत खाली यायचं नाही. पण उन्हाळाभर त्या डुकराला बटाट्याची सालं आंकानेच घातली होती, आणि आर्नोचा पहिला घाव चुकला. कुऱ्हाडीची पाठ कपाळावरून घसरून डोळ्यावर बसली. डुकराने जी किंकाळी फोडली ती ऐकून कुणीही मूल खाली आलं असतं.

गेर्लिंड उकळत्या पाण्याची बादली घेऊन येत होती. तिला दिसलं ते असं: फोल्कमार मागच्या पायाचा दोर धरून टाचा रोवून उभा. आर्नोने दुसरा घाव घातलेला, सुरा गळ्यात रुतवलेला, धार टपात पडतेय. सेल्मा गुडघ्यांवर बसून कोपरापर्यंतचा उघडा हात टपात घालून रक्त ढवळतेय, गोठू नये म्हणून. आणि दाराच्या पायरीवर आंका, दोन्ही हात कानांवर.

"कानावरचे हात काढ," आर्नो म्हणाला.

आंकाला ते ऐकू आलं नाही, कारण तिचे हात कानांवर होते.

सुरा उपसून हातात घेऊनच तो गेला, दुसऱ्या हाताने त्याने तिला मानेमागून कॉलरला धरून उचललं, मांजराचं पिल्लू उचलावं तसं, आणि टपापाशी आणलं. घाई केली नाही. ओरडला नाही. "खाटकाच्या घरातली पोर ना तू? मग बघ. नीट बघ," म्हणत त्याने तिचा चेहरा खाली दाबला.

बादली कुठे पडली ते गेर्लिंडला कळलं नाही. ती धावली, आर्नोच्या दंडाला लोंबकळली, आणि त्याने सुरा धरलेला हात मागे फिरवला. मूठ तिच्या तोंडावर बसली. दात तुटल्याचा आवाज तिला डोक्याच्या आतून ऐकू आला. खाली पडल्यापडल्या तिने फोल्कमारकडे पाहिलं. डुक्कर केव्हाच मेलं होतं आणि तो अजून दोर धरून उभा होता, दोन्ही हातांनी, जणू सोडला तर सगळं पळून जाईल.

आंका बुडली नव्हती. टपात ढवळणारा सेल्माचा हात थांबला होता, आणि रक्ताखालून वर आलेल्या त्या पंजाने पोरीची हनुवटी तोलून धरली होती. आर्नो वरून दाबत होता, सेल्मा खालून. तिच्या मोडक्या करंगळीवरची काडी निखळून रक्तावर तरंगत होती. तिचा चेहरा हलत नव्हता. फक्त दंडाची शीर दोरीसारखी ताठ झाली होती.

मग आर्नो कंटाळला आणि त्याने आंकाला सोडलं. मूल रडलं नाही, हेच गेर्लिंडला सगळ्यात भयंकर वाटलं.

"उद्यापासून बालवाडी बंद," हात पुसत तो म्हणाला. "पोरगी माझ्याबरोबर येईल. घरोघर. हिवाळाभरात सरळ होईल." आणि मग जमिनीवर बसलेल्या सुनेकडे बघून त्याने आपल्या पोटावर दोनदा थोपटलं, अगदी प्रेमाने. "आणि इथे बघ. आग नाही, ढेकर नाही. सकाळपासून लोण्यासारखं वाटतंय. तुझी कृपा, डॉक्टरीणबाई."

धुण्याच्या खोलीत सेल्माने आंकाचं तोंड, मग केस, मग पुन्हा तोंड धुतलं. गेर्लिंड तोंडात मिठाचं पाणी धरून उभी होती. थुंकली तेव्हा पाणी लाल. बाहेर फोल्कमार डुकराचे केस खरडत होता, खर्र खर्र.

"यात पोट नव्हतं," गेर्लिंड म्हणाली. सुजलेल्या ओठांतून शब्द नीट फुटत नव्हते.

"नव्हतं."

"तुम्हाला माहीत होतं."

सेल्माने आंकाच्या कानातलं रक्त फडक्याच्या टोकाने काढलं. बोलताना ती आंकाशीच बोलते आहे असं वाटत होतं, इतका तिचा आवाज मऊ होता. "पोट जळतं तेव्हा तो आडवा पडतो, पोरी. बरं असतं तेव्हा उभा राहतो. मला एवढंच माहीत होतं. पुदिन्याने काय होतं ते माझ्या आईने मला फार आधी सांगितलं होतं."

गेर्लिंडच्या डोक्यात फळीवरची बरणी आली, चरबीचं जेवण आलं, शेवटची उजवी कूस आली. भिंतीकडे तोंड. एकेक करून सगळं जागेवर बसलं.

"मग मला बरं का करू दिलंत?"

सेल्मा बादलीवर वाकली. तिने फडकं पिळलं. "पोट आहे, पोट आहे, हे गावाला मीच सांगत आले ना इतकी वर्षं. सांगता सांगता मलाही वाटायला लागलं होतं. आणि तू शिकलेली." तिने फडकं दोरीवर टाकलं. "वाटलं, खरंच पोटच असलं तर?"

मग तिचा आवाज नेहमीसारखा झाला. दिवेलागणीची बस पुलावरून जाते, ती म्हणाली. फाटक आर्नोच्या डोळ्यांसमोर आहे, आणि वरून उतरायचं म्हणजे बाकासमोरूनच जायला हवं. तोवर त्याला आडवं करायला पाहिजे. "बरं केलेलं पोट बिघडायला वेळ लागतो का, ते तू सांग."

गेर्लिंडने जिभेने तुटलेला दात चाचपला. "नाही," ती म्हणाली. "भुकेलं असलं तर मुळीच नाही."

दुपारी कढईतलं गरम मांस टेबलावर आलं. गळ्याखालचं, नुसती थरथरणारी चरबी. त्यावर कच्चा कांदा, मोहरी, आंबवलेली कोबी, ताज्या चरबीत बुडवलेला पाव. आर्नोने ताटाकडे पाहिलं आणि मग गेर्लिंडकडे. कित्येक आठवड्यांत त्याला असं काही मिळालं नव्हतं. "काय गं, आज परवानगी?"

म्हातारा इथे, मूल वर, दार तिकडे. तिने सुजलेलं तोंड हसरं केलं. "आज चालेल, बाबा. आज कसलं पथ्य."

तो जेवला. सेल्मा वाढत होती आणि गेर्लिंड ओतत होती. कपाटातून सेल्माने पुदिन्याची हिरवी दारू काढली, आणि गेर्लिंडने स्वतःच्या हाताने ती भरली, पुन्हा भरली, वर काळी कॉफी दिली. याच हातांनी तिने किसलेला बटाटा पिळला होता. फोल्कमार समोर बसला होता. त्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, आईच्या वाढण्याकडे पाहिलं, आणि आपल्या ताटातला चरबीचा तुकडा उचलून बापाच्या ताटात ठेवला. आर्नो म्हणाला, अखेर अक्कल आली. जेवण झाल्यावर सेल्मा म्हणाली की पँट घसरतेय, लोक हसतील, आणि तिने पट्टा आणून घट्ट आवळून दिला. मग आर्नो आतडी साफ करायला टपावर वाकला.

ऊन डोंगरामागे गेलं तेव्हा तो सरळ उभा राहिला आणि त्याने मूठ छातीच्या हाडावर दाबली.

गेर्लिंड वरच्या खोलीत होती. आंकाला कोट घातला होता, टोपी घातली होती, पायात फक्त मोजे, बूट हातात. खालून आधी शिवी ऐकू आली, मग खुर्ची उलटल्याचा आवाज, मग काहीतरी मऊ भिंतीवर आदळल्याचा. ते काय असेल याचा तिने विचार केला नाही. तिने फक्त आंकाचे कान आपल्या पोटाशी दाबून धरले. नंतर बराच वेळ काही नाही. मग बाक करकरला.

"पाठीवर," सेल्माचा आवाज आला. तो नेहमीपेक्षा जाड येत होता, नाक दाबल्यासारखा.

गेर्लिंड जिन्यात बसली. आंका तिच्या मांडीत. सकाळपासून ती एक शब्दही बोलली नव्हती. खालून सुयांचा टकटक आवाज येत होता, मधूनच आर्नोचं कण्हणं.

"डावी कूस."

चहा नेहमीसारखा भरल्या पोटावरच दिला होता. त्याने काही भलं होणार नाही, हे खाली बसलेल्या बाईलाही माहीत होतं आणि जिन्यात बसलेल्या बाईलाही. अंधार हळूहळू पायऱ्यांवर चढत होता. पुलावरची बस चुकली तर उद्या सकाळी खाटकाची पिशवी, खाटकाचा सुरा आणि आंकाचा हात, सगळं एकाच माणसाच्या हातात असणार होतं.

"पालथा हो."

"आग होतेय गं, सेल्मा." आर्नोचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आता वर घशापर्यंत आलीय."

"होईल बरं. पालथा हो."

अंगणात फोल्कमार खिमा करत होता. यंत्राची मूठ गरगर फिरत होती आणि लोखंडाचा आवाज घरभर घुमत होता.

"आता उजवी कूस," सेल्मा म्हणाली. "भिंतीकडे तोंड कर. हलू नकोस."

बाक शेवटचा करकरला. गेर्लिंड उठली.

स्वयंपाकघरात दिवा लावला नव्हता, फक्त शेगडीचा उजेड. आर्नोची पाठ डोंगरासारखी दिसत होती. सेल्माने खुर्ची नेहमीपेक्षा वेगळी ठेवली होती. बाक आणि दार यांच्या बरोबर मधे, दाराकडे पाठ करून. एप्रन तिने दोन्ही बाजूंनी खुर्चीच्या हातांवर पसरून टाकला होता, म्हणजे तिची लहानखुरी आकृती रुंद वाटत होती. गेर्लिंड तिच्या मागून गेली. इतक्या जवळून की सेल्माच्या केसांतला कॅमोमाइलचा वास तिला आला. सेल्माने मान वळवली नाही. सुया चालू होत्या. फक्त एक पाय तिने खुर्चीखालून मागे सरकवला आणि तिथली कापडी पिशवी टाचेने दाराकडे लोटली.

गेर्लिंड पिशवी उचलत असताना आर्नो म्हणाला, "कोण आहे?"

"मी आहे," सेल्मा म्हणाली. "दुसरं कोण असणार."

अंगणात फोल्कमार वाकून खिम्याचं यंत्र फिरवत होता. त्याने मान वर केली नाही. जवळून जाताना गेर्लिंडला दिसलं की यंत्रात मांस नव्हतं. भांडं रिकामं होतं आणि तो नुसतीच मूठ फिरवत होता, जोरजोरात, खांद्यातून. त्याच्या कानामागचा व्रण थंडीने पांढरा पडला होता. तो येईल की नाही, हे तिने विचारलं नाही. फाटकाची कडी आधीच काढलेली होती.

फाटकाबाहेर गेर्लिंडने आंकाच्या पायात बूट चढवले; पुलावर पोचतात तोच बस आली. ती आंकाला घेऊन सगळ्यात मागे बसली आणि पुढच्या गावाचे दिवे जाईपर्यंत मागच्या काचेतून रस्ता बघत राहिली. रस्त्यावर कुणी नव्हतं. मग तिने आंकाचे ओले बूट काढले आणि पाव शोधायला पिशवी उघडली. पाव होता, एका बाटलीत बडीशेपेचा चहा होता, आणि तळाला लोकरीच्या धाग्याने बांधलेलं एक जाडजूड गाठोडं.

मोजे होते. वरचा जोड आंकाच्या मापाचा. त्याखालचा थोडा मोठा, त्याखालचा आणखी. सगळ्यांच्या टाचा दुहेरी विणलेल्या. गेर्लिंड एकेक जोड उलगडून मांडीवर ठेवत गेली. शेवटचा तिने आपल्या पायाला लावून पाहिला, तर तो तिलाही नीट बसत होता.

"हे कुणाचे?" आंका म्हणाली. दिवसभरातलं तिचं हे पहिलंच बोलणं.

"तुझे. आजीने विणलेत."

"एवढे मोठे?"

"हो. तू होशील ना मोठी."

आंकाने सगळ्यात मोठा मोजा उचलला, आत हात घातला आणि तो कोपरापर्यंत वर ओढला. मग लोकरीतला तो मोठा पंजा उताणा करून तिने आपल्या हनुवटीखाली धरला, आणि त्यावर तोंड टेकून ती झोपली.